चेंगलपट्टूच्या शाळेपासून मराठी पडद्यापर्यंत : ‘चित्रालय’ गोपू यांची विनोदी पटकथा

एग्मोर (चेन्नई) : दक्षिण तामिळनाडूतून येणाऱ्या अनेक रेल्वेगाड्यांचा प्रवास चेन्नईतील एग्मोर स्थानकावर संपतो. याच लोहमार्गावर सुमारे ५५ किलोमीटर अंतरावर चेंगलपट्टू हे गाव आहे. तेथील शाळेत एकत्र नाटके करणाऱ्या दोन मित्रांनी पुढे तमिळ चित्रपटाला नवे वळण दिले. एक दिग्दर्शक सी. व्ही. श्रीधर आणि दुसरे पटकथालेखक ‘चित्रालय’ गोपू.

गंभीर नाट्य श्रीधर यांचे आणि विनोद गोपू यांचा, अशी ही विभागणी होती. ‘चित्रालय’ हे श्रीधर यांच्या चित्रसंस्थेचे नाव. तेच गोपू यांच्या नावाला कायमचे जोडले गेले. १९६४ साली दोघांनी मिळून लिहिलेला ‘कादलिक्क नेरमिल्लै’ हा रंगीत चित्रपट प्रदर्शित झाला आणि कौटुंबिक विनोदी चित्रपटाचा एक मापदंड ठरला.

त्याची कथा साधी आहे. श्रीमंत मालकाने नोकरीवरून काढलेला तरुण मालकाच्याच मुलीच्या प्रेमात पडतो. स्वतः धनाढ्य घरातला असल्याचे भासवण्यासाठी तो आपल्या मित्राला म्हातारा बाप बनवून आणतो. हा मित्र मात्र मालकाच्या दुसऱ्या मुलीवर आधीच प्रेम करीत असतो. प्रेक्षकाला सारे ठाऊक असते आणि घरच्या वडीलधाऱ्याला काहीच नसते. हसू पिकते ते या अंतरातून. त्यासाठी कोणाच्या व्यंगाची थट्टा करावी लागत नाही.

मराठी प्रेक्षकाला ही कथा परकी वाटणार नाही. १९६६ साली श्रीधर यांनीच ती हिंदीत ‘प्यार किये जा’ या नावाने आणली. १९८५ मध्ये महेश कोठारे यांनी दिग्दर्शक म्हणून पदार्पण करताना हेच कथानक ‘धुमधडाका’त वापरले. म्हाताऱ्या बापाचे सोंग मराठीत अशोक सराफ यांनी वठवले.

चित्रपट काढण्याचे वेड लागलेला मुलगा आपल्या बापाला भयकथा ऐकवतो, हा प्रसंग तीनही भाषांत गाजला. तमिळमध्ये नागेश आणि बालय्या, हिंदीत मेहमूद आणि ओमप्रकाश, तर मराठीत लक्ष्मीकांत बेर्डे आणि शरद तळवलकर यांनी तो रंगवला. त्यात शाब्दिक कोट्या जवळजवळ नाहीत. आवाज, हावभाव आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर चढत जाणारी भीती एवढेच भांडवल आहे. म्हणूनच भाषा बदलली तरी त्यातील विनोद उणावला नाही.

गोपू केवळ श्रीधर यांच्या छायेत राहिले नाहीत. सावत्र आईच्या ताब्यातील पैसा मिळवण्यासाठी घरात भोंदू स्वामी आणणाऱ्या तरुणांची गोष्ट त्यांनी रंगभूमीसाठी लिहिली होती. १९७२ मध्ये तिच्यावरच ‘कासेदान कडवुळडा’ हा चित्रपट त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. ‘पैसा हाच देव’ अशा अर्थाच्या या चित्रपटाची नवी आवृत्ती तब्बल ५१ वर्षांनी, २०२३ मध्ये, पडद्यावर आली.

विनोदी चित्रपट नटांच्या नावाने ओळखला जातो. प्रसंग रचणारा लेखक बहुधा मागेच राहतो. कथा एका भाषेतून दुसरीत जाते तेव्हा हे अंतर आणखी वाढते. ‘धुमधडाका’ पाहून हसणाऱ्या मराठी घरांत गोपू हे नाव क्वचितच उच्चारले जाते. मात्र त्या हास्याचे एक मूळ चेंगलपट्टूच्या शाळकरी रंगमंचापर्यंत पोहोचते.