विमाहीन वाहन व अपघात-नुकसानभरपाई

विमाहीन वाहन व अपघात-नुकसानभरपाई : विम्याचे संरक्षण नसलेल्या मोटार वाहनामुळे मृत्यू, शारीरिक इजा वा मालमत्तेची हानी झाल्यास पीडित व्यक्तीस अथवा तिच्या वारसांस कायद्याने मिळणारी भरपाई. वाहनास विमा नसेल, तर भरपाईही मिळत नाही, ही समजूत सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे. भरपाईचा हक्क अपघातातून निर्माण होतो. विमा हे त्या हक्काच्या वसुलीचे खात्रीचे साधन होय. विम्याच्या अभावी दायित्व चालक व मालक यांच्यावर व्यक्तिशः राहते आणि मुख्य प्रश्न वसुलीचा होतो.

भारतात १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने त्रयस्थ व्यक्तींच्या संरक्षणासाठी विमा सक्तीचा केला व ही सक्ती १ जुलै १९४६ पासून अंमलात आली. १९५६ च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. सांप्रतचा १९८८ चा अधिनियम १ जुलै १९८९ पासून लागू असून त्यात २०१९ साली व्यापक दुरुस्त्या करण्यात आल्या. कलम १४६ अन्वये विमा अनिवार्य आहे. शासन ठराविक निधी उभारणाऱ्या राज्य परिवहन उपक्रमांना त्यातून सूट देऊ शकते. अशा वेळी मागणी थेट त्या उपक्रमाकडे करता येते.

सांगली जिल्ह्याचा काही भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. पुणे–बंगळूर महामार्ग खंबाटकी घाट, सातारा व कराडवरून सांगली जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यात उतरतो. गळीत हंगामात साखर कारखान्यांकडे ऊस नेणारे ट्रॅक्टर आणि ट्रेलर या भागातील रस्त्यांवर मोठ्या संख्येने असतात. कायद्याच्या व्याख्येनुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच होय. त्यामुळे ट्रॅक्टरचा विमा असूनही ट्रेलरचा नसेल, तर विमा कंपनी दायित्व नाकारू शकते. म्हणून दोहोंची कागदपत्रे स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक ठरते.

दायित्व ठरविताना नोंदणीकृत मालक महत्त्वाचा असतो. वाहन विकले, पण नोंदणी बदलली नाही, तर मूळ नोंदणीधारकच जबाबदार राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. हातोहात विकल्या गेलेल्या जुन्या मोटारसायकलींच्या बाबतीत हा निर्णय विशेष उपयुक्त आहे. वाहनाच्या क्रमांकावरून (सातारा एमएच ११, कराड एमएच ५०, सांगली एमएच १०) परिवहन कार्यालयातील नोंदीत मालकाचा शोध लागतो.

दाव्याचे दोन मार्ग आहेत. कलम १६४ खाली चालकाची चूक सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल २·५ लाख रुपये मागता येतात. विमा नसल्यास हे दायित्व मालकाचे असते. कलम १६६ खाली निष्काळजीपणा दाखवावा लागतो, मात्र रकमेस मर्यादा नसते. उदा., वय ३४, मासिक उत्पन्न १२,००० रु. व चार अवलंबित व्यक्ती असलेला शेतमजूर मृत्यू पावल्यास वार्षिक उत्पन्न १,४४,००० रु. धरतात. त्यात भावी उत्पन्नवाढीचे ४० टक्के मिळवून २,०१,६०० रु. होतात. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाता १,५१,२०० रु. उरतात. वयानुसार येणाऱ्या १६ या गुणकाने गुणिल्यास २४,१९,२०० रु. होतात. अंत्यविधी, सहवासाची हानी इ. बाबींच्या रकमा यांशिवाय मिळतात.

अर्ज अपघातस्थळाच्या, अर्जदाराच्या वास्तव्याच्या वा प्रतिवादीच्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात करता येतो. त्यामुळे मुंबईत कामास असलेला माणूस तेथे अपघातात मरण पावला, तरी त्याचे गावाकडील कुटुंब सातारा वा सांगली येथे दावा दाखल करू शकते. १ एप्रिल २०२२ पासून अर्जास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिच्या वैधतेस सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. तथापि मुदत पाळणे इष्ट होय. पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल व ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणास द्यावयाचा असतो. स्त्रिया व बालकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

वसुलीच्या दृष्टीने अपघातानंतरचे पहिले काही आठवडे निर्णायक असतात. विमाहीन वाहन पुरेसे तारण घेतल्याशिवाय मालकास परत देऊ नये. तारण न दिल्यास तीन महिन्यांनंतर वाहनाचा लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणात जमा करावी, असा नियम आहे. पीडिताच्या बाजूने वेळीच हरकत घेतली न गेल्यास वाहन सुटते व वसुलीचे हाताशी असलेले साधन नाहीसे होते. निवाड्यानंतरही रक्कम न भरल्यास न्यायाधिकरणाच्या दाखल्यावरून जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात (कलम १७४). दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणेही अंमलबजावणी होते. मालकाच्या जमिनीचा सातबारा उतारा येथे उपयोगी पडतो. मात्र मालक निष्कांचन असेल, तर निवाडा कागदावरच राहण्याचा धोका असतो; विम्याच्या सक्तीमागील कारण हेच होय.

वाहन पळून गेले व त्याची ओळखच पटली नाही, तर मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५०,००० रु. स्वतंत्र योजनेतून मिळतात. त्यासाठी अपघात झालेल्या ठिकाणच्या उपविभागीय अधिकारी वा तहसीलदार यांच्याकडे अर्ज करतात. ओळख पटलेल्या विमाहीन वाहनास ही योजना लागू नाही. २०२५ च्या योजनेनुसार अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत १·५ लाख रुपयांचे विनारोख उपचार मिळू शकतात.

निवाड्याविरुद्ध ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा व सांगली हे जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचच्या अधिकारक्षेत्रात आले असून अपिलासाठी मुंबईस जाण्याचा पक्षकारांचा खर्च व त्रास कमी झाला आहे.