फोटोची मागची बाजू

वाईच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात तीन-साडेतीनशे फोटो निघतील. बहुतेकांच्या पाठीवर आजोबांच्या बारीक अक्षरात मजकूर आहे: ‘डावीकडून ताई, नाना, मांडीवर बंडू. कृष्णाबाईचा उत्सव, गणपती आळी, १९६८.’ माझ्या कॉम्प्युटरमध्ये अडतीस हजार फोटो आहेत आणि त्यांना पाठच नाही, असं मी बरीच वर्षं समजत होतो. २००५ साली पहिला डिजिटल कॅमेरा घेतला तेव्हापासून ते साचत आलेत. फोल्डरांची नावं वाचूनच मालकाचा स्वभाव कळावा: ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘कार्ड रिकामं केलं’, ‘दादाच्या लॅपटॉपमधलं’, ‘बघून डिलीट करणे’. गावात विश्वकोशाचं कार्यालय असताना माझी नोंदींची ही तऱ्हा.

दिवाळीनंतर आई दोन महिन्यांसाठी पुण्याला राहायला आली. ती एक्याऐंशी वर्षांची आहे. ट्रंकेतले आणि कॉम्प्युटरमधले, दोन्हीकडचे चेहरे ओळखणारं घरात आता तिच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. म्हणून घाई होती.

‘सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?’ असं मी चौघांना विचारलं आणि पाच उत्तरं मिळाली. पण दुधानं एकदा तोंड भाजलेलं होतं. पंधरा वर्षांपूर्वी एका प्रोग्रॅममध्ये मी हजार-बाराशे चेहऱ्यांना नावं दिली होती. कॉम्प्युटर बदलताना फोटो सगळे उचलून नेले, जुनी डिस्क पुसून टाकली. फोटो आले, नावं आली नाहीत. ती फोटोत नव्हतीच, प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फाइलीत होती आणि ती फाइल उचलायची असते हे मला माहीत नव्हतं. तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात बसला आहे: हा प्रोग्रॅम लिहितो कुठे? फोटोच्या पाठीवर, की स्वतःच्या वहीत?

कारण डिजिटल फोटोलाही पाठ असते. फाइलीत चित्राबरोबर मजकुराची जागा ठेवलेली असते. कॅमेरा तिथे आपण न सांगता तारीख, वेळ, लेन्स, शटरचा वेग लिहून ठेवतो. त्या नोंदीला एक्झिफ म्हणतात. जपानी उत्पादकांच्या संघटनेनं ती पद्धत १९९५ मध्ये ठरवली. ओळी आणि नावं लिहिण्यासाठी वृत्तसंस्थांनी त्याआधीच आयपीटीसी नावाची पद्धत वापरात आणली होती आणि २००१ मध्ये अडोबीनं एक्सएमपी आणली. मराठी माणसासाठी यातला फरक फार कामाचा आहे. एक्झिफचा वर्णनाचा रकाना मुळात साध्या इंग्रजी अक्षरांपुरता आखलेला. आयपीटीसीच्या जुन्या रकान्यात लिपीची नोंद नीट झाली नसेल, तर ‘आजीची पंचाहत्तरी’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. एक्सएमपी युनिकोडमध्येच असते, तिथे देवनागरी सुखरूप राहते.

मग मी एक परीक्षा घेतली. दोनशे फोटोंची वेगळी प्रत काढली: जुन्या कॅमेऱ्यातले, फोनमधले, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले, ट्रंकेतले स्कॅन केलेले. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये एका फोटोखाली मराठीत ओळ लिहायची, एका चेहऱ्याला नाव द्यायचं, प्रोग्रॅम बंद करायचा. तो फोटो पेनड्राइव्हवर घालून दादाच्या कॉम्प्युटरवर भलत्याच प्रोग्रॅममध्ये उघडायचा. ओळ दिसली तर पास.

गूगल फोटोज शोधण्यात पटाईत. ‘लाल साडी’ म्हटलं की लाल साड्या समोर. मे २०१५ मध्ये ते आलं तेव्हा थोड्या कमी दर्जाचे फोटो कितीही ठेवा, फुकट, असा मामला होता. १ जून २०२१ पासून नवे फोटो पंधरा जीबीच्या हिशेबात धरले जाऊ लागले. पण तिथे लिहिलेली ओळ आणि दिलेलं नाव त्यांच्याकडच्या नोंदीत राहतं. सगळं परत मागितलं तर फोटोंच्या शेजारी वेगळ्या छोट्या फाइली येतात आणि ओळ त्यांत असते. म्हणजे फोटो एका पाकिटात, पाठीवरचा मजकूर दुसऱ्यात.

लाइटरूम छायाचित्रकारांचं लाडकं, आणि ते का हे तासाभरात कळतं. दर महिन्याचं भाडं सोडलं तर मला ते फार आवडलं. परीक्षेत मात्र दादाकडे ओळ दिसेना. ते आपलं सगळं कॅटलॉग नावाच्या फाइलीत ठेवतं. फोटोतही लिही, असं सेटिंगमध्ये जाऊन सांगावं लागतं. सांगितल्यावर लिहिलं. पण न सांगता मी वर्षभर काम करत राहिलो असतो.

शेवटी थांबलो डिजिकॅमवर. फुकट, मुक्त स्रोत, विंडोज-लिनक्स-मॅक तिन्हीवर चालणारं. पहिल्यांदा उघडलं की विमानाच्या कॉकपिटमध्ये बसल्यासारखं वाटतं, इतकी बटणं. इथेही सेटिंग तपासावी लागली, पण ओळ, खूणशब्द, चेहऱ्याची चौकट आणि नाव, सगळं फोटोच्या पाठीवर उतरलं आणि दादाकडे देवनागरीत दिसलं. उद्या डिजिकॅम नाहीसं झालं तरी चालेल, हाच मला त्याचा मोठा गुण वाटला. २००५ मध्ये आलेलं अ‍ॅपलचं अ‍ॅपर्चर दहा वर्षांत विक्रीतून गेलं, पिकासा २०१६ मध्ये बंद झालं. फोटो त्यांच्याहून जास्त जगायला हवेत.

आता खरं काम. फोटो तारखेनं लावायचे तर तारीख खरी हवी. २००७ च्या डिसेंबरात साताऱ्याला आतेभावाचं लग्न झालं. माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी त्याआधी संपून घड्याळ मूळपदावर गेलं होतं. सगळं लग्न १ जानेवारी २००५ ला लागलेलं. न्यू जर्सीहून आलेल्या चुलतबहिणीनं घड्याळ बदललं नव्हतं, म्हणून तिच्या फोटोंत अक्षता मध्यरात्रीनंतर दोन वाजता पडतात. एक्झिफमध्ये मुळात वेळ असायची, पण ती कुठल्या देशातली याची जागाच नव्हती. ती २०१६ मध्ये आली. लग्नपत्रिका काढली. मुहूर्त बारा वाजून सदतीस मिनिटं. तेवढ्यानं भागेना, कारण आमच्याकडचा मुहूर्त पत्रिकेवर असतो तसा मांडवात नसतो. अंतरपाट दूर झाल्याच्या फोटोत मागे कार्यालयाचं भिंतीवरचं घड्याळ सापडलं: बारा बावन्न. फोटो मोठा करून काटे पाहिले, फरक काढला आणि चारशे बारा फोटोंची वेळ एका दमात सरकवली. बहिणीचे फोटो साडेदहा तास पुढे नेले. सगळ्या कॅमेऱ्यांचे फोटो एका रांगेत आले तेव्हा कानपिळीचा प्रसंग तीन बाजूंनी दिसला. नवरदेवाचा चेहरा एकीकडे हसरा, दुसरीकडे खरोखर कळवळलेला.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंची पाठ कोरी करकरीत. वाटेत ती पुसली जाते, उरते फाइलीच्या नावातली तारीख, आणि ती पाठवल्याची, काढल्याची नव्हे. त्यामुळे लॉकडाउनमध्ये कुणीतरी धाडलेलं १९९४ चं बारसं २०२० मध्ये जाऊन बसतं. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर पाठ शाबूत राहते, हे मी आता गटावर दर महिन्याला सांगतो. ऐकत कोणी नाही. सुप्रभातच्या गुलाबांबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

तारखेनंही आपलं सगळं भागत नाही. घरचा गणपती २००९ मध्ये २३ ऑगस्टला बसला, २०१२ मध्ये १९ सप्टेंबरला. प्रोग्रॅमला ‘दर वर्षीचा हाच दिवस’ कळतो, तिथी कळत नाही. म्हणून ‘गणपती’, ‘दिवाळी’, ‘कृष्णाबाई’ हे खूणशब्द हातानंच लावले. ‘गणपति’ आणि ‘गणपती’ हे त्याच्या लेखी दोन वेगळे देव, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची शिस्तही लावून घेतली.

चेहऱ्यांना नावं द्यायला आई रोज दुपारी चहानंतर शेजारी बसायची. प्रोग्रॅम चेहरा दाखवून नाव सुचवतो, आपण होय म्हणायचं किंवा नाही. त्यानं मावशीला सतत आई ठरवलं. आई खूश. ‘‘अरे, शाळेत बाईसुद्धा चुकायच्या.’’ मुंडावळ्या बांधलेले नवरे त्याला ओळखूच आले नाहीत. एकसारखे फोटो काढून टाकताना मी नानांचे डोळे मिटलेला फोटो गाळत होतो. ‘‘तोच ठेव,’’ ती म्हणाली. ‘‘नाना फोटोत असेच असायचे.’’ ठेवला.

एक चेहरा मात्र तिला लागेना. माझ्या मुंजीच्या स्कॅन केलेल्या फोटोत, पंगतीच्या मागे, खांद्यावर पंचा टाकलेला माणूस. बराच वेळ पाहून म्हणाली, ‘‘अरे, हा तर आचारी.’’ मी ‘आचारी’ लिहिलं. संध्याकाळी प्रोग्रॅमनं तोच चेहरा अकरा ठिकाणी सुचवला, त्यातले नऊ बरोबर निघाले: साताऱ्याचं लग्न, दोन बारशी, आजीची पंचाहत्तरी. कुठे कढईमागे, कुठे दारात अर्धा.

‘‘नाव काय त्यांचं?’’

आई गप्प झाली. मग तिनं मावशीला फोन लावला. मावशीला पुरणपोळीचं प्रमाण आठवलं, तो केशर किती घालायचा तेही आठवलं, नाव आठवलं नाही. सदाशिवपेठेतल्या काकांना माहीत असेल म्हणाली. काका त्या वेळी झोपले होते.

फोटोच्या पाठीवर सध्या एवढंच आहे: ‘आचारी. नाव काकांना विचारणे.’