आईच्या फोनला नेट कशाला?

वेल्ह्याच्या पेठेत माझं किराणामालाचं दुकान आहे. तालुक्याचं नाव सरकारनं राजगड केलं, पण एसटीतून उतरणारा माणूस अजून वेल्ह्यालाच उतरतो. तेल-साखरेच्या जोडीला मी मोबाईलचं रिचार्जही मारते. त्यात सुटतं ते चिल्लर. पण रिचार्जला आलेली मावशी जाताना काडेपेटी, साबणाची वडी घेऊन जाते, म्हणून ते काम चालू ठेवलंय. तरुण पोरं आपापल्या फोनवरून पैसे भरतात. माझ्याकडे येतात ते बटनाचा फोन घेतलेले आबा आणि मावश्या, आणि त्यांचं गाऱ्हाणं बहुतेक एकच: "आगं, पोराचा फोनच येईना, बघ काय झालंय."

झालेलं एवढंच असतं, की पॅकची मुदत संपलेली असते.

एका मावशींच्या फोनवर बघितलं, तर पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानं २८ दिवसांचा, रोज दोन जीबी नेटचा पॅक मारलेला. मावशींच्या फोनला व्हॉट्सअ‍ॅप नाही. मागचं झाकण निसटतं म्हणून त्याला रबर लावलंय. २८ दिवसांत ५६ जीबी नेट आलं नि गेलं, आणि हे नेट काय असतं ते मावशींना ठाऊकही नव्हतं. मुलाची माया खोटी नाही. स्वतःला मारतो तोच पॅक त्यानं आईला मारला, इतकंच. पण अशी मुलं पुष्कळ आहेत, म्हणून हे लिहायला घेतलं.

कमी बोलणाऱ्या माणसाला बोलणं विकत घ्यायचंच नसतं. त्याला दिवस विकत घ्यायचे असतात. नंबर चालू राहावा, लेकीचा फोन यावा, बँकेचा मेसेज यावा, एवढ्यासाठीच तो पैसे मोजतो. पूर्वी हे असं नव्हतं. मोबाईल नवा होता तेव्हा आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे. १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं. मग लाइफटाइमची सिमकार्डं निघाली. एकदा पैसे भरले की इनकमिंगची काळजी मिटली, असं लोक धरून चालले. मिस कॉल द्यायचा, समोरच्यानं उलटा फोन करायचा, यावर कितीतरी घरं चालली. २०१८ संपता संपता कंपन्यांनी हे आवरतं घेतलं: २८ दिवसांना निदान ३५ रुपयांचं रिचार्ज करा, नाहीतर फोन बंद. पस्तिसाचे पुढे वाढत गेले. जुलै २०२४ च्या दरवाढीत एअरटेल आणि व्हीआयचा अमर्याद कॉलचा २८ दिवसांचा साधा पॅक १९९ वर गेला, जिओचा १८९ वर.

२८ दिवसांच्या पॅकमध्ये एक मेख आहे. वर्षाचे महिने बारा, पण असे पॅक लागतात तेरा. १९९ गुणिले १३ म्हणजे २,५८७ रुपये. यावर ओरड झाली तेव्हा ट्राय या दूरसंचार नियामकानं २०२२ मध्ये सांगितलं, की प्रत्येक कंपनीनं निदान एक पॅक पुऱ्या ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवायचा. ते पॅक असतात, पण गिऱ्हाइकानं मागितल्याशिवाय कुणी दाखवत नाही. मीही गर्दीच्या वेळी दाखवत नाही, खरं सांगायचं तर.

आमच्या मावश्यांच्या खऱ्या कामाचा हुकूम निघाला डिसेंबर २०२४ मध्ये. नेट नको असलेल्यांसाठी फक्त कॉल आणि मेसेजचा पॅक ठेवलाच पाहिजे, आणि अशा व्हाउचरची मुदत ९० ऐवजी ३६५ दिवसांपर्यंत देता येईल, असं ट्रायनं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये पॅक आले. आधी झालं काय, तर जुन्याच पॅकमधलं नेट काढून घेतलं आणि किंमत बरीचशी तशीच ठेवली. टीका झाल्यावर काही दिवसांत आकडे उतरले: ८४ दिवसांना जिओ ४४८, एअरटेल ४६९, व्हीआय ४७०. वर्षाच्या पॅकला एअरटेल आणि व्हीआयचे १,८४९, जिओचे १,७४८. हे त्या वेळचे दर. तुम्ही वाचाल तेव्हा बदललेले असू शकतात, पण भागाकार तोच राहील.

भागाकार करायचा तो किमतीला दिवसांनी. १,७४८ आणि १,८४९ शेजारी ठेवले, की कुणीही पहिल्यावर बोट ठेवेल, १०१ रुपये वाचतात म्हणून. पण पहिला ३३६ दिवस चालतो आणि दुसरा पुरे ३६५. दिवसाला पहिला पडतो ५ रुपये २० पैसे, दुसरा ५ रुपये ७ पैसे. ८४ दिवसांचा ४६९ वाला साडेपाच रुपयांच्या जरा वर. २८ दिवसांचा १९९ वाला सात रुपयांच्या वर. बीएसएनएलचा त्या वेळचा १,१९८ चा वर्षाचा पॅक महिन्याला ३०० मिनिटं आणि थोडं नेट देणारा. तो दिवसाला सव्वातीन रुपयांच्या आसपास बसतो. महिन्याला ३०० मिनिटं म्हणजे रोजची दहा. लेकीशी रोज दहा मिनिटं बोलणारी माणसं मला अजून भेटायची आहेत.

एवढा स्वच्छ हिशोब असून लोक २८ दिवसांचाच का मारतात? कारण अठराशे रुपये एकदम हातात नसतात. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला आठवड्याचे पैसे मिळतात. तिनं १९९ काढले तरी पुष्कळ. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी, त्यालाच दिवस महाग पडतो. यावर आमच्या भागापुरता एक उपाय मी सांगते. इकडे मुख्य पीक भाताचं. झोडणी होऊन भात विकलं, की घरात थोडे पैसे एकरकमी येतात. बियाण्याचे, दुकानाच्या उधारीचे बाजूला काढतानाच वर्षाचा रिचार्ज उरकून घ्यायचा. एका आबांना हे पटवायला गेले, तर म्हणाले, "वर्षाचा नको, तेवढा मी टिकतोय कुठं? चौऱ्याऐंशीचा मार." मारला.

पण या सगळ्या हिशोबाच्या आधीचा प्रश्न वेगळाच आहे. शनिवारी रात्री तोरण्यावर जाणारे ट्रेकर पाण्याची बाटली घेताना विचारतात, "काकी, वर कुठल्या कंपनीची रेंज येते?" पॅक विचारत नाहीत, रेंज विचारतात. आमच्या लोकांनीही तेच आधी विचारावं. हा मुलूख डोंगर-खोऱ्यांचा. टॉवर दिसतो पलीकडच्या सोंडेवर आणि घर असतं अलीकडच्या घळीत. माझं माहेर भोरकडे, हिर्डोशी खोऱ्यात, वरंध घाटाच्या वाटेवर. तिथं आमच्या घरात रेंज नव्हती, पण ओसरीच्या एका खांबाशी यायची. वहिनीनं त्या खांबाला खिळा मारून प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन टांगला. फोन वाजला की तिथंच उभं राहून, पिशवीतूनच बोलायचं. पावसाळ्यात वीज गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली, की खांबही उपयोगाचा नाही. अशा घरात सगळ्यात स्वस्त पॅक कुठला, हे विचारण्यात अर्थ नाही. त्या खांबाशी जी कंपनी पोचते तीच घ्यायची. ट्रायनं कंपन्यांना रेंजचे नकाशे संकेतस्थळावर टाकायला लावलेत, ते पाहावेत. पण आमच्या घळीपुरता माझा भरवसा शेजाऱ्याच्या सिमकार्डावर जास्त. त्याचं कार्ड एक दिवस आपल्या फोनमध्ये घालून घरभर फिरायचं. आणि एक लक्षात असू द्या: आपल्या कंपनीची रेंज नसली, पण दुसरीची असली, तरी ११२ हा संकटातला नंबर लागू शकतो.

फोन कुठला आहे तेही पाहायला हवं. जिओचं २जी नाही, त्यामुळे जुन्या साध्या बटनाच्या फोनमध्ये ते कार्ड चालत नाही. ४जी चालणारा बटनाचा फोन लागतो. स्वस्त पॅकच्या नादानं नवा फोन घ्यावा लागला, तर वर्षाची बचत त्यातच गेली.

आता कुणी म्हणेल, बोलतच नाही तर नंबर सोडून द्यावा. तसं करू नका. आधारला जोडलेला नंबर तोच असतो. लाडकी बहीणचं ई-केवायसी असो, शेतकरी ओळखपत्र असो, ओटीपी त्याच्यावर येतो. नंबर बंद होऊन ९० दिवस गेले, की तो कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, आणि मग ओटीपी परक्याच्या फोनवर वाजतो.

वीस रुपयांत सिम जिवंत राहतं, ही बातमी मध्ये फार फिरली. नियम २०१३ चा आहे. ९० दिवस फोन वापरलाच नाही तरी खात्यात वीस रुपये शिल्लक असतील, तर ते कापून नंबर राखायचा, असा. यात दोन गोष्टी लोक विसरतात. वीसचं टॉपअप मारलं की खात्यात जमा होतात १४ रुपये ९५ पैसे. वीस शिल्लक हवेत तर त्यावर दहाचं आणखी एक मारावं लागतं. आणि यानं नुसता नंबर राहतो. इनकमिंग चालू राहील, याची हमी त्यात नाही. ज्या मावशीला पोराचा फोन यायला हवा, तिच्या हे कामाचं नाही. कपाटात पडलेल्या दुसऱ्या सिमसाठी ठीक.

कंपनी बदलायची असेल तर नंबर तोच ठेवता येतो, २०११ पासून. मोठ्या लिपीत पीओआरटी ही इंग्रजी शब्दाची चार अक्षरं, मध्ये जागा सोडून आपला नंबर, आणि मेसेज १९०० ला. उत्तरात येणारा कोड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात आधार कार्डासह जायचं. आताच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावे लागतात. मात्र वर्षाचा पॅक चालू असताना बदललं, तर उरलेले दिवस पाण्यात जातात. म्हणून हा उद्योग मुदत संपत आली असतानाच करावा, आणि शेजाऱ्याचं कार्ड घालून फिरून झाल्यावर.