अंगावरचे डाग आणि लेकराचा रक्तदाब

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ता, कर्ज, व्याज यांचा हिशेब झाला की शेवटची दहा मिनिटं आम्ही घरच्या अडचणींसाठी ठेवतो. आजचा विषय त्याच दहा मिनिटांत निघाला.

गटातल्या एका मैत्रिणीची नऊ वर्षांची लेक सारखी डोकं दुखतं म्हणायची. चष्मा लागला असेल, असं आम्हीच तिला सांगितलं. घरी दृष्ट काढून झाली. मग एक दिवस शाळेतच पोरीच्या नाकातून रक्त आलं. दवाखान्यात बीपी मोजलं तर ते मोठ्या माणसापेक्षाही जास्त निघालं. तोवर कुणी मोजलंच नव्हतं. लेकरांना कुठं बीपी असतं, असं सगळ्यांनाच वाटत होतं. आम्हालाही.

डॉक्टरांनी पोरीचा फ्रॉक वर करून पाठ-पोट पाहिलं. तिथं दुधाच्या चहाच्या रंगाचे सपाट डाग होते, अगदी तान्ही असल्यापासूनचे. ग्रहणात आईनं भाजी चिरली म्हणून हे डाग आले, असं सासरची माणसं म्हणायची. नऊ वर्षं ती हा बोल ऐकत होती.

मैत्रिणींनो, ग्रहणाचा आणि या डागांचा काही संबंध नाही. या आजाराचं नाव आहे न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १. डॉक्टर त्याला थोडक्यात एनएफ-वन म्हणतात. साधारण ३००० जन्मांमागे एका बाळाला तो असतो. शरीरातल्या एका जनुकात बिघाड झाल्यानं तो होतो. जवळपास निम्म्या मुलांमध्ये तो आई किंवा वडिलांकडून येतो, बाकीच्यांमध्ये घरात कुणालाही नसताना नव्यानंच होतो. यात आईची चूक नसते आणि वडिलांचीही नसते. आई-वडिलांपैकी एकाला आजार असेल, तर प्रत्येक गरोदरपणात तो बाळाला होण्याची शक्यता ५० टक्के असते.

एखाद-दुसरा डाग पुष्कळ मुलांना असतो, त्याला घाबरू नका. पण वयात येण्याआधीच्या मुलाला सहा किंवा त्याहून जास्त डाग असतील आणि प्रत्येक डाग ५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण तुरीच्या दाण्यापेक्षा मोठा असेल, तर डॉक्टरांना दाखवा. काखेत किंवा जांघेत तिळासारखे बारीक ठिपके असतील तर तेही दाखवा.

आता डागांचा आणि बीपीचा संबंध काय? या आजारात काही मुलांची किडनीकडे रक्त नेणारी धमनी आतून अरुंद होते. शेताच्या टोकाच्या वाफ्याची नळी चिमटली, तर तिथं पाणी पोचत नाही. मग तिथला माणूस ओरडतो, मोटरचा जोर वाढवा. किडनीही तसंच करते. आपल्याकडे रक्त कमी येतंय, असं वाटून ती रेनिन नावाचा पदार्थ सोडते. त्यामुळे अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळतात, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि सगळीकडचा दाब वाढतो. दोष एका नळीत असतो, पण ताण पडतो हृदयावर, डोळ्यांवर आणि मेंदूवर. डाग असलेल्या प्रत्येक मुलाला हे होत नाही. पण कुणाला होईल हे वरून कळत नाही, म्हणून वर्षातून एकदा तरी बीपी मोजायचंच.

मोजण्यातही चूक होते. दंडाला बांधायचा पट्टा लेकराच्या दंडाच्या मापाचा हवा. मोठा पट्टा लावला तर आकडा खोटाच कमी दिसतो, लहान लावला तर जास्त दिसतो. मूल पाच मिनिटं शांत बसलेलं हवं, रडतं नको. आणि मोठ्यांचं १२०-८० हे माप लहानांना लावू नका. मुलांचं माप वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावर ठरतं. पाच वर्षांच्या मुलासाठी १२० हा आकडा जास्तच आहे. एकदा जास्त आलं तर पुन्हा मोजून खात्री करतात.

मग किडनीची डॉपलर सोनोग्राफी होते. गरज पडली तर रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी करतात. कधी कधी किडनीवरच्या ग्रंथीत गाठ असते, तीही तपासतात.

उपचार गोळ्यांनी सुरू होतात. अम्लोडिपिन हे नेहमी दिलं जाणारं औषध आहे. एनालाप्रिलसारखी काही औषधं इतर मुलांना चांगली लागू पडतात. पण दोन्ही किडन्यांच्या धमन्या अरुंद असतील, तर त्यांनी किडनीचं काम मंदावू शकतं. म्हणून शेजारच्या लेकराची चिठ्ठी आपल्या लेकराला चालत नाही. गोळ्यांनी दाब आटोक्यात आला नाही, तर मांडीतून बारीक नळी घालून फुग्यानं धमनी रुंद करतात. या आजारात धमनी पुन्हा अरुंद होऊ शकते, तेव्हा काही मुलांना शस्त्रक्रिया लागते. त्यानंतरही काहींना गोळ्या चालू ठेवाव्या लागतात.

आमच्या मैत्रिणीची लेक गोळ्यांनी बरी दिसू लागली. खेळायला लागली. गोळ्या संपल्या तेव्हा हातात पैसे नव्हते, म्हणून पंधरा दिवस तशीच ठेवली. पुन्हा नाकातून रक्त आलं. त्या दिवशी आम्ही गटात ठरवलं, आजारी लेकराच्या औषधासाठी अंतर्गत कर्ज मागितलं तर पुढच्या बैठकीची वाट पाहायची नाही. गोळी संपायच्या आठ दिवस आधी तिनं सांगायचं, पैसे आम्ही उभे करायचे.

घरी एवढं सांभाळा. लोणचं, पापड, फरसाण, पाकिटातला खाऊ कमी करा. तापाला, दुखण्याला दुकानातून गोळी आणून देऊ नका, काही वेदनाशामक गोळ्या किडनीला त्रास देतात आणि बीपी वाढवतात. बीपीचे आकडे तारखेसह वहीत लिहा. आणि डोकं खूप दुखून उलट्या झाल्या, अंधुक दिसलं, झटका आला किंवा मूल बरळायला लागलं, तर घरचे उपाय करू नका, लगेच १०८ ला फोन करा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्यांना डाग दाखवा आणि बीपी मोजा म्हणून सांगा. पुढच्या उपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

या आठवड्यात लेकरांना न्हाऊ घालताना पाठ, पोट, काखा नीट पाहा. डाग दिसले तर मोजा. आणि एखाद्या आईला ग्रहणाचा बोल लावणारं कुणी भेटलं, तर आज ऐकलेलं त्यांनाही सांगा.