‘दारू घेता का?’ : व्यसनाचं प्रमाण मोजताना काय चुकतं?



पीएचडीच्या पायलट सर्व्हेत एका घरी मी विचारलं, "दारू घेता का?" उत्तर आलं, "नाही, कधीच नाही." मी फॉर्मवर शून्य लिहिलं. निघताना तो दादा रस्त्यापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, आईसमोर कसं सांगणार? रोज लागते."

प्रिव्हेलन्स म्हणजे ठरावीक काळात लोकसंख्येपैकी किती जणांना एखादी समस्या आहे, ते प्रमाण. पण आधी ‘समस्या’ कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल 2019 मध्ये आला. त्यानुसार 10 ते 75 वयोगटातले 14.6 टक्के लोक, म्हणजे सुमारे 16 कोटी, दारू पितात. पण हानिकारक वापर किंवा अवलंबित्व असलेले 5.2 टक्के, म्हणजे सुमारे 5.7 कोटी. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत. त्यामुळे आकडा उचलताना व्याख्या आणि वयोगट बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी अडचण लपलेल्या लोकांची. हेरॉइन घेणारा माणूस घरी सापडेलच असं नाही, आणि सापडला तरी खरं सांगेलच असं नाही. म्हणून या सर्वेक्षणात घरोघरच्या मुलाखतींसोबत आणखी एक पद्धत वापरली : रिस्पॉन्डंट ड्रिव्हन सॅम्पलिंग. सुरुवातीला काही व्यसनी व्यक्ती शोधायच्या, त्यांना मोजकी कुपन्स द्यायची आणि त्यांनीच ओळखीतल्या लोकांना आणायचं. कोणी कोणाला आणलं आणि कोणाची ओळख किती मोठी, याची नोंद ठेवून नंतर आकडेवारीला वजन द्यायचं. साध्या ‘स्नोबॉल’पेक्षा ही पद्धत वेगळी ठरते ती इथेच.

आता त्या दादाकडे परत येऊ. त्याने पुढे विचारलं, "सोडायची आहे, कशी सोडू?" माझ्या तोंडावर आलं होतं, "आजपासून बंद करा." बरं झालं बोलले नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, क्वचित जीवही जाऊ शकतो. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू सोडावी लागते. मी त्याला जिल्हा रुग्णालयात जायला सांगितलं आणि 14446 हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर दिला. त्याच अहवालात म्हटलंय की दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी फक्त एकाला कुठली ना कुठली मदत मिळाली होती.

फील्डवर जाण्याआधी एवढं करा : मुलाखत एकांतात घ्या, ‘पिता का?’ऐवजी ‘गेल्या 12 महिन्यांत किती वेळा?’ असं विचारा आणि मदतीच्या ठिकाणांची यादी खिशात ठेवा. एथिक्स कमिटी ती यादी मागेल, पण समोरच्या माणसाला तिची जास्त गरज असते.