होकार द्यावा, पण विचारपूर्वक

रक्तदान महाराष्ट्राच्या चांगलेच अंगवळणी पडले आहे. गणेशोत्सवात, जयंती-पुण्यतिथीला गावोगावी शिबिरे भरतात. अस्थिमज्जादानाचा विषय निघाला, की मात्र अनेकांचे मन कचरते. या भीतीत भाषेचाही थोडा वाटा आहे. 'अस्थिमज्जा' म्हणताच 'मज्जारज्जू' आठवतो आणि पाठीच्या कण्याला इजा होईल, अशी समजूत होते. वस्तुतः या दोन्ही गोष्टी सर्वस्वी भिन्न आहेत. अस्थिमज्जा म्हणजे हाडांच्या पोकळीतील मऊ गर. रक्तातील पेशी तेथील मूळपेशींपासून तयार होतात.

ल्युकेमिया, थॅलेसेमिया यांसारख्या आजारांत ही व्यवस्थाच बिघडते. अशा अनेक रुग्णांना दुसऱ्याच्या निरोगी मूळपेशी जीवदान देऊ शकतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्ये असे प्रत्यारोपण यशस्वी झाले. मात्र त्यासाठी रक्तगट नव्हे, तर 'एचएलए' ही पेशींवरील आनुवंशिक खूण जुळावी लागते. सख्ख्या भावंडाशी ती पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारात एक असते. निम्म्या जुळणीवरही आता प्रत्यारोपण होते; तरीही अनेकांना अनोळखी दात्याचा शोध घ्यावा लागतो. जगभरात चार कोटींहून अधिक दात्यांची नोंद आहे. पण त्यात भारतीय फार थोडे आहेत आणि भारतीय रुग्णाशी जुळणारा दाता बहुधा भारतीय वंशाचाच असतो.

नोंदणी अगदी सोपी असते. गालाच्या आतील बाजूचा नमुना कापसाच्या बोळ्याने घेतला जातो. पुढे बहुतेकांना बोलावणे येतही नाही. जुळणी झालीच, तर आधी दात्याची संपूर्ण तपासणी होते. मूळपेशी सहसा रक्तातूनच घेतात. त्याआधी चार-पाच दिवस इंजेक्शने दिली जातात. त्यामुळे अंग व डोके दुखते. नंतर काही तास यंत्राद्वारे पेशी वेगळ्या करून उरलेले रक्त शरीरात परत सोडतात. क्वचित भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात. शरीर ही उणीव काही आठवड्यांत भरून काढते.

खरा प्रश्न वेदनेचा नसून वचनाचा आहे. दात्यावर कोणतीही सक्ती नसते. तो केव्हाही माघार घेऊ शकतो. परंतु प्रत्यारोपणापूर्वी काही दिवस तीव्र औषधे देऊन रुग्णाची स्वतःची मज्जा नष्ट केली जाते. त्यानंतर दात्याने पाऊल मागे घेतले, तर रुग्णाजवळ स्वतःची मज्जा उरत नाही आणि दुसऱ्याची मिळालेली नसते. अशा वेळी त्याचा जीवच धोक्यात येतो.

आयत्या वेळी होणारा घरच्यांचा विरोध हे माघारीचे एक नेहमीचे कारण. म्हणूनच नमुना देण्यापूर्वीच आई-वडिलांशी, जोडीदाराशी मोकळेपणाने बोलावे, शंका डॉक्टरांना विचाराव्यात. मन तयार नसेल, तर तेव्हाच नकार द्यावा. त्यात कमीपणा नाही. होकार दिला, तर मात्र तो शेवटपर्यंत पाळण्याच्या तयारीने द्यावा. कारण कोणा अनोळखी घराची आशा त्या एका शब्दावर उभी राहते.