मोटारीच्या इंजिनांतील कीट व त्यावरील औषधें

चुलीवर ठेविलेल्या भांड्याचें बूड काळें कां पडतें, हें आमच्या विद्यार्थ्यांस शास्त्राच्या तासास सांगितलेलेंच आहे. जळणांतील कार्बनास पुरेसा प्राणवायु मिळाला नाहीं, म्हणजे तो वायुरूपानें निघून न जातां काजळीच्या रूपानें मागें राहतो. मोटारीच्या इंजिनांतही हेंच घडतें. परंतु तेथील काजळी कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं, आणि न दिसणाऱ्या रोगावर औषध विकणें फार सोपें असतें. पेट्रोलच्या टांकींत अमुक बाटली ओता, इंजिन लख्ख होईल, असें दुकानांतून सांगण्यांत येतें. पालकवर्गापैकीं पुष्कळांनीं अशी बाटली एकदां तरी घेतली असेल. तींत काय असतें आणि तिचा गुण कोठें येतो, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पेट्रोल हें कार्बन व हायड्रोजन यांच्या अनेक संयुगांचें मिश्रण होय. तें पूर्णपणें जळलें तर कार्बन डायॉक्साइड वायु व पाण्याची वाफ एवढेंच उरावें. पण इंजिन थंड असतां, किंवा गाडी रोज घरापासून बाजारापर्यंतच हिंडत असतां, ज्वलन अपुरें राहतें. शिवाय वंगणाचें तेलही थोडथोडें आंत झिरपून करपतें. यापासून दोन प्रकारचें कीट बनतें. एक मऊ, डिंकासारखें चिकट. तें पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडाशीं बसतें व फवारा बिघडवितें. दुसरें कठीण, जुन्या तव्याच्या कडेस सांचलेल्या थरासारखें. तें पिस्टनच्या माथ्यावर आणि व्हाल्वच्या पाठीवर बसतें. पिस्टनवरील थर सिलिंडरमधील जागा व्यापतो, त्यामुळें दाब वाढतो; तो थर तापूनही राहतो, आणि मग घाट चढतांना इंजिनांतून खडखड आवाज येऊं लागतो. या आवाजास दुसरींही कारणें असतात; पण मिश्रण अवेळीं पेटत आहे, एवढें त्यावरून समजावें. तिकडे फार दिवस दुर्लक्ष केल्यास पिस्टनला इजा पोंचते.

पूर्वीं यावर उपाय बहुधा एकच असे. ठराविक मैल झाले कीं इंजिनाचें डोकें उतरवावयाचें आणि सर्व भाग खरवडून काढावयाचे. कांहीं मोटारवाले सिलिंडरमध्यें रात्रभर रॉकेल ओतून ठेवीत. कोठें कोठें तर प्राणवायूचा झोत सोडून कार्बन आंतल्या आंत जाळून टाकीत! पुढें १९५० नंतर पेट्रोलमध्येंच शोधक द्रव्य मिसळण्याची युक्ति निघाली. अमेरिकेंत १९९५ पासून तें कायद्यानें आवश्यक झालें, आणि २००४ सालीं बी. एम. डब्ल्यू., जनरल मोटर्स, होंडा व टोयोटा या कंपन्यांनीं कायद्याहून वरचढ असें एक प्रमाण ठरविलें.

बाटलींतील द्रव्यें मुख्यत्वें दोन जातींचीं असतात. रॉकेलसारखें तेल, झायलीन, ॲसिटोन हीं नुसतीं विद्रावकें. तीं डिंक विरघळवितात. कठीण कार्बनापुढें त्यांचें फारसें चालत नाहीं. करपलेली कढई नुसत्या पाण्यानें निघत नाहीं, तशांतलाच हा प्रकार. ॲसिटोनसारख्या द्रव्यानें रबरी नळ्या खराब होण्याचें भय असतें तें निराळेंच. म्हणून घरगुती मिश्रणें कोणी टांकींत ओतूं नयेत. दुसरी जात साबणाची किंवा रिठ्याची बहीण म्हणावी अशी आहे. तिच्या अणुसमूहाचें एक टोक नायट्रोजनयुक्त असून तें कीटास धरतें. दुसरें लांब शेपूट पेट्रोलांत सहज मिसळतें. अशा रीतीनें कीटाचा कण सुटून पेट्रोलाबरोबर जातो व जळून जातो. पॉलिईथरअमाइन हें यांतील विशेष गुणकारी द्रव्य. कारण ज्वलनाच्या जागेंतील उष्णतेंतही तें टिकून काम करतें. बाटलीवर हें नांव आहे कीं नाहीं, तें अवश्य पाहावें. सांगितल्याहून अधिक ओतूं नये, आणि शक्य तों वंगण बदलण्याच्या थोडें आधीं वापरावें; कारण या द्रव्याचा कांहीं अंश खालीं वंगणांत उतरतो.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. टांकींतील औषध पेट्रोलाच्या वाटेनेंच जातें. जेथें पेट्रोल जात नाहीं तेथें तें पोंचणार कसें? पुष्कळ इंजिनांत पेट्रोलचा फवारा व्हाल्वच्या पाठीवर पडतो, म्हणून व्हाल्व आपोआप धुतला जातो. परंतु १९९६ सालीं जपानांत मित्सुबिशी कंपनीनें सरळ सिलिंडरमध्येंच पेट्रोल फवारणारें इंजिन बाजारांत आणिलें, आणि पुढें ही पद्धति जगभर पसरली. तींत पेट्रोलची बचत होते खरी. पण व्हाल्वला पेट्रोलचा स्पर्शही होत नाहीं. तेलाच्या वाफा मात्र त्यावर येऊन करपतात. टोयोटानें २००५ पासून कांहीं इंजिनांत दोन्ही ठिकाणीं इंजेक्टर बसविले, त्यामुळें हा दोष पुष्कळच कमी होतो.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची गाडी याच सरळ फवाऱ्याची होती. सकाळीं सुरू करतांच ती थरथरे. दुकानदाराच्या शब्दावर विसंबून त्यांनीं बाटलीमागून बाटली ओतली, थरथर कायम! अखेरीस कारखान्यांत हवेची नळी उतरविली, तेव्हां व्हाल्वच्या पाठीवर काळ्या खडबडीत पापुद्र्यांचा थर आम्हीं डोळ्यांनीं पाहिला. तो विरघळविण्याच्या भानगडींत कारागीर पडलाच नाहीं. त्यानें एकेका सिलिंडरचे व्हाल्व बंद स्थितींत आणून त्यांवर अक्रोडाच्या कवच्यांचा भरड चुरा दाबाच्या हवेनें सोडला. ही कवची कार्बन फोडण्याइतकी कठीण, पण धातूवर ओरखडा न उठण्याइतकी मऊ असते. अर्ध्या दिवसांत व्हाल्व पांढरे स्वच्छ झाले व गाडी शांतपणें चालूं लागली. उरलेल्या दोन बाटल्या त्या गृहस्थांनीं आपल्या धाकट्या बंधूंस दिल्या. त्यांची गाडी जुनी आहे. तींत पेट्रोल व्हाल्ववरच पडतें.